आत्याचा ओटीपी आणि महाराजांचं बोर्डिंग

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझी आत्या पंधरा दिवसांत तीन वेळा कोल्हापूरला आली आणि तिन्ही वेळा हात हलवत परत गेली.

आत्या राधानगरी तालुक्यातल्या एका गावात राहते. वय 63. काका जाऊन नऊ वर्षं झाली, दोन म्हशी आहेत, पाऊण एकर ऊस आहे, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं आणि बाकी वेळ शेतात. एका योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरनं ऑनलाईन ओळख पटवणं, करायची होती. गावातल्या केंद्रावर सर्व्हर चालेना, कुणीतरी सांगितलं कोल्हापुरात लगेच होतंय, म्हणून बाई पहिल्या एसटीनं निघाली, पिशवीत भाकरी-चटणी आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं आधार कार्ड. इथं एका केंद्रावर दीड तास रांगेत उभी राहिली, नंबर आला, आणि समोरचा पोरगा म्हणाला, "मावशी, ओटीपी सांगा."

ओटीपी गेला होता चाकणला. आधारला जोडलेला नंबर तिच्या पोराचा, पोरगा चाकणला कंपनीत, आणि त्या कंपनीत आत फोन नेऊ देत नाहीत, गेटवर लॉकरमधे ठेवायचा. ओटीपी चालतो दहा मिनिटं. म्हणजे तिकडं लॉकरमधे फोन एकदा उजळून विझला असेल आणि इकडं रांगेतल्या मागच्या माणसानं "सरका की मावशी जरा" म्हणून तिला बाजूला केलं. दुसऱ्या वेळी पोराची सेकंड शिफ्ट बघून आली तर साईटच बंद. तिसऱ्या वेळी ओटीपी आला, पोरानं फोनवरनं सांगितला, आत्यानं ऐकून समोरच्याला सांगितला, पण त्या गोंगाटात सहा आकड्यातला एक काहीतरी चुकायचा, दोन-तीनदा चुकला, मग समोरचा म्हणाला उद्या या.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी शिरोलीला एका फौंड्रीत अकाउंट्सला आहे, दिवसभर माझ्यासमोर कॉम्प्युटरच असतो, जीएसटीपासून पीएफपर्यंत सगळं मी ऑनलाईनच भरते. तिसऱ्या खेपेला स्टँडवर बसली असताना तिनं फोन केला. रडत नव्हती, चिडलीही नव्हती. म्हणाली, "जाऊ दे पोरी, माघारी जातो मी, सांजची यष्टी गाठतो. आपल्यासारख्याचं काम न्हवं ते."

आपल्यासारख्याचं काम न्हवं. हे वाक्य मला त्या दिवशी जे लागलं ते लागलंच. कारण ही बाई अडाणी नाही. कुठली म्हैस किती फॅटला बसते, डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलात किती कापलंय, कारखान्यावर उसाचं टनेज किती भरलं, हे सगळं तिला तोंडपाठ. हिशोबात ती मला हरवते. आणि तिला एका सहा आकड्यांच्या मेसेजनं सांगितलं की तू या जगातली नाहीस.

डिजिटल दरी वगैरे शब्द आपण भाषणात ऐकतो, आणि ऐकताना डोळ्यासमोर येतं ते कुठलं तरी लांबचं गाव, टॉवर नसलेलं. तसं असतंच, त्याच्याबद्दल खाली लिहिते. पण आत्याच्या गावात टॉवर आहे, घरात फोन आहे, पोराकडं दोन सिम आहेत, आणि तरीही ती दरीच्या पलीकडं. कागदावर मोजाल तर तिचं घर "जोडलेलं" आहे.

आकडे बघितले तर हेच दिसतं. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या खेड्यातल्या 100 घरांपैकी जेमतेम 15 घरांत इंटरनेटची सोय होती, शहरात 42, आणि कॉम्प्युटर तर खेड्यात 100 मधे 4 घरांत. त्यानंतर फोन वाढले, डेटा तर 2016 ला जिओ आल्यापासून स्वस्त झालाच होता. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं घर न विचारता माणूस विचारला, आयुष्यात कधी इंटरनेट वापरलंय का, तर पुरुषांत 57 टक्के हो म्हणाले आणि बायकांत 33 टक्के. एकाच घरात, एकाच छपराखाली हा फरक. घरात फोन असणं आणि माझ्या हातात फोन असणं, या दोन गोष्टींत चाकण ते राधानगरी एवढं अंतर आहे.

तर त्या दिवाळीनंतर मी आमच्या पेठेतल्या तालमीच्या लोकांना भेटले. बाहेरच्यांसाठी सांगते, कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नव्हे, पेठेचं सगळं तिथंच ठरतं, गणपती, फुटबॉल, रक्तदान, महापुरात भाकऱ्या गोळा करणं, सगळं. मी म्हटलं वरचा हॉल रविवारी सकाळी दोन तास द्या, बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना फोन शिकवायचाय. अध्यक्ष म्हणाले, "द्या की मग, इचारायचं काय त्यात, पण सतरंज्या तुमच्या तुम्ही उचलायच्या." जानेवारीपासून चालू आहे. पहिल्या रविवारी चार जण होते, आता पंचवीस-तीस असतात, त्यात निम्म्या धुण्याभांड्याचं काम करणाऱ्या, काही रिटायर माणसं, दोघं गवंडी काका आणि कधीमधी गावाकडनं आलेलं कुणीतरी.

सुरुवातीलाच मी विचारलं, फोन कुणाकुणाचा स्वतःचा आहे? बरेच हात वर आले. मग विचारलं, लॉक कुणाला उघडता येतंय? अर्धे हात खाली. आधारला कुणाचा नंबर लावलाय? कुणी म्हणालं पोराचा, कुणी जावयाचा, एकीनं सांगितलं आधी जिथं कामाला होती त्या मालकिणीचा. आणि एक बाई म्हणाली, नंबर माझाच हाय पण ते सिम हरवलं. म्हणजे हिच्या बँकेची, रेशनची, गॅसची, सगळ्याची किल्ली एका हरवलेल्या सिममधे. म्हणून आमचा पहिला धडा कुठल्या ॲपचा झालाच नाही. पहिले तीन रविवार आम्ही नुसत्या याद्या केल्या, कुणाच्या आधारला कुठला नंबर, आणि मग गटागटानं आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर लावून घेतला. त्याला कागदपत्रं लागली नाहीत, फक्त माणूस स्वतः जावा लागला आणि बोटाचा ठसा जुळावा लागला.

आणि ठसा, ह्याच्यावर तर वेगळंच लिहायला पाहिजे. गवंडी काकांच्या बोटाचा ठसा येतच नाही. सिमेंटनं बोटं घासून गुळगुळीत झालीत. धुण्याभांड्याच्या बायकांचंही तेच, साबण-सोड्यानं बोटं पांढरी पडलेली, चिरलेली. मी काकांचा हात हातात घेऊन बघितला, अंगठ्यावर रेघच नाही, नदीतल्या गोट्यासारखा झालाय. मशीन म्हणतंय पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा, आणि काका ओशाळून अंगठा पायजम्याला पुसतात, जणू चूक त्यांचीच. ज्यानं आयुष्यभर हातानं काम केलं त्यालाच यंत्र ओळखत नाही, आणि माझ्यासारख्या खुर्चीत बसणारीचा ठसा पहिल्या फटक्यात जुळतो. आता डोळ्याच्या बुबुळावरनं, चेहऱ्यावरनं ओळख पटवायची सोय आहे, पण ती आहे हे समोरच्यानं सांगायला पाहिजे, आणि मागे चाळीस माणसांची रांग असली की कोण सांगत बसतंय.

शिकवताना मला एक गोष्ट उशिरा कळली. माणसं फोनला का घाबरतात तर फोन बिघडेल म्हणून नाही, पैसे जातील म्हणून. एक मावशी बोट स्क्रीनच्या वर अर्धा इंच धरून बसायची, टेकवायचीच नाही. म्हटलं दाबा की मावशी, तर म्हणाली, "आनि कट झालं म्हंजी?" तिच्या भावजयीचे अकरा हजार असेच गेलेले, कुणीतरी फोन करून पैसे पाठवतो म्हणाला आणि पिन टाकायला लावला. तेव्हापासून मी प्रत्येक रविवारी सुरुवातीला हेच वदवून घेते, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. पोलिस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, असला कायदाच नाही. फसलातच तर ताबडतोब 1930 ला फोन लावायचा, लाजायचं नाही, पोराला कळेल म्हणून लपवायचं तर अजिबात नाही. त्या मावशीनं शेवटी नातवाच्या वाढदिवसाला स्वतःहून 51 रुपये पाठवले, ओठ हलवत एकेक आकडा वाचून, आणि तिकडनं नातवाचा फोन आला तोवर सगळा हॉल गप्प बसून होता.

फोनचा महिना 28 दिवसांचा असतो हे तुम्हाला-मला जाणवत नाही, ऑटो-पे लावलेलं असतं. पण रोजंदारीवरच्या बाईला वर्षाला बारा नाही तेरा रिचार्ज मारायला लागतात, आणि एखादा चुकला की काही दिवसांत इनकमिंगही बंद, म्हणजे ओटीपी बंद, म्हणजे पुन्हा ती पलीकडं. ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर 2024 मधे कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवायला लावले, डेटा नको असणाऱ्यांसाठी, चांगलं केलं. पण असा पॅक असतो हे आमच्या हॉलमधे एकीलाही माहीत नव्हतं, दुकानदार जो मारून देईल तो रिचार्ज.

आता वारणेची गोष्ट सांगते, ती आपल्या जिल्ह्याची असून इथल्याच पोरांना माहीत नाही. तात्यासाहेब कोरेंनी उभी केलेली वारणानगरची सहकारी चळवळ सगळ्यांना ठाऊक आहे, कारखाना, दूध, बझार. पण 1998 ला, जेव्हा कोल्हापूर शहरातसुद्धा सायबर कॅफे नवलाईचे होते, तेव्हा केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्थांनी मिळून कोल्हापूर-सांगलीतली जवळजवळ 70 गावं कॉम्प्युटरनं जोडायचं ठरवलं. "वायर्ड व्हिलेज" म्हणून देशभर नाव झालं. गावागावात केंद्र, तिथं कॉम्प्युटर, शेतकऱ्याला शेतीची माहिती, बाजारभाव, इंटरनेट, सगळं मिळणार. झालं काय? काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधन केंद्रातले लोक येऊन बघून गेले तर शेतकरी त्या केंद्रावर येत होते ते मुख्यतः उसाच्या हिशोबासाठी. माझा ऊस किती टन गेला, बिल किती झालं, खत किती उचललं. बाकीच्या मोठमोठ्या गोष्टी होत्या त्या होत्याच. मग त्यांनी काही गावांत तेच काम कॉम्प्युटर काढून मोबाईलच्या साध्या एसएमएसवर करून बघितलं, आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं. घरी बसून मेसेज टाकायचा, आकडा हजर.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. काही लोक ती फसलेला प्रकल्प म्हणून सांगतात, मला तसं वाटत नाही, मला तर वाटतं शेतकऱ्यानं तिथं सरळ सांगितलं की मला काय पाहिजे. ज्याच्यासाठी यंत्र आणताय त्याच्या डोक्यात आत्ता कुठला आकडा फिरतोय तो आधी विचारा, मग वायर टाका. आमच्या रविवारच्या वर्गातही तेच होतं. मी सुरुवातीला ईमेल शिकवायला निघाले होते, कुणालाच ईमेल नको होता. बायकांना पाहिजे होतं बँकेत पैसे जमा झालेत का ते बघायला, पोरीला व्हिडिओ कॉल लावायला, दवाखान्याचा रिपोर्ट मोठा करून बघायला. आणि पावसाळ्यात, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायला.

ही शेवटची गोष्ट कोल्हापूरकरालाच कळेल. जुलै लागला की आपल्या सगळ्यांच्या फोनवर दर दोन तासांनी ते येत असतं, राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. माझ्यासारखे लोक 41 झालं की गाडी उंचावर लावतात, सामान माळ्यावर टाकतात. आणि नदीकाठच्या गल्लीत राहणारी, साधा फोन असलेली म्हातारी? तिला कळतं पाणी उंबऱ्याला लागल्यावर, नाहीतर कुणीतरी ओरडत आल्यावर. 2019 आणि 2021 दोन्ही महापुरांत मी बघितलंय, ज्यांच्या हातात माहिती होती ते आधी बाहेर पडले आणि ज्यांच्या हातात नव्हती त्यांना बोटीतनं काढायला लागलं. तालमीच्या पोरांनी दोन्ही वेळेला जिवाचं रान केलं, त्यांना सलाम, पण त्या म्हातारीच्या फोनवर मराठीत एक आवाजी कॉल वेळेत गेला असता तर तिची शेळी पण वाचली असती. स्मार्टफोन नाही म्हणून माणूस माहितीतनं वगळला जाणं, ते पण पुराच्या वेळी, हे मला कुठल्याच हिशोबात बसवता येत नाही.

आणि उलटही तितकंच खरं. पूर आला की लाईट जाते, मग टॉवर, मग एटीएम, मग यूपीआय. तेव्हा सगळेच एका रात्रीत पलीकडचे होतात. त्यावेळी कामाला आले ते वहीत उधारी लिहिणारे दुकानदार. म्हणून मी कागदाच्या विरोधात नाही, उलट मला वाटतं प्रत्येक ऑफिसात ऑनलाईनच्या शेजारी एक खिडकी कागदाची कायम पाहिजे, आणि त्या खिडकीत बसलेला जिवंत माणूस पाहिजे.

लांबच्या गावाचं म्हटलं होतं ते सांगते. दर पावसाळ्यात आम्ही काही जण पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो, तुमच्यातले बरेच जण गेले असतील. वाटेत धनगरवाडे लागतात, पाच-सात घरं, कौलं, पुढं गोठा, सगळीकडं धुकं आणि चिखल. दोन-तीन वर्षांपूर्वी अशाच एका वाड्यावर आम्ही चहाला थांबलो होतो, मी सवयीनं फोन बघितला, रेंज नाही. तिथली आठवी-नववीतली पोरगी म्हणाली, "हितं नाय यायची, दगडाव जावा." दगडावर म्हणजे वाड्याच्या वर दहा मिनिटं चढून गेलं की पठाराच्या कडेला एक मोठा सपाट दगड आहे, त्याच्यावर उभं राहिलं की दोन कांड्या येतात. लॉकडाऊनमधे ती आणि तिचा भाऊ त्या दगडावर बसून शाळेचे व्हिडिओ डाऊनलोड करायचे, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, फोन इरल्याच्या आत, कारण फोन भिजला तर बाप मारंल. फोन एकच, भावाची दहावी म्हणून आधी भावाचे व्हिडिओ, मग बॅटरी उरली तर हिचे. मी विचारलं, उरायची का गं? ती नुसती हसली आणि कप उचलून आत गेली.

त्या काळात शाळा बंद पण शिक्षण सुरू असं सगळीकडं चाललेलं. आणि मान्य करायला पाहिजे, बऱ्याच शिक्षकांनी जीव तोडून काम केलं, दूरदर्शनच्या सह्याद्रीवर एमकेसीएलनं "टिलीमिली" मालिका केली ती तर फार शहाणपणाची गोष्ट होती, कारण टीव्ही जास्त घरांत होता आणि त्याला डेटा लागत नव्हता. पण दगडावरच्या पोरीचं जे राहिलं ते राहिलंच. दर हंगामाला बीडकडनं ऊसतोडीला येणारी पोरं तर कुठल्याच ग्रुपमधे नव्हती. त्यांच्या शाळेचा ग्रुप गावाकडं, आणि ती इथं फडात, पाचटाच्या खोपीत, जिथं फोन चार्ज करायला ट्रॅक्टरची बॅटरी.

आता माझं खरं म्हणणं सांगते, बरेच दिवस डोक्यात घोळतंय. दसरा चौकातनं मी रोज बसनं जाते. तिथं शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि त्याच्या आजूबाजूला बोर्डिंगं, म्हणजे शिकणाऱ्या पोरांची वसतिगृहं. आपण लहानपणापासून बघतोय म्हणून त्याच्याकडं लक्ष जात नाही. महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा कायदा केला, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्या कितीतरी आधी, 1901 पासून, ते बोर्डिंगं काढत होते. मराठ्यांचं, जैनांचं, मुसलमानांचं, लिंगायतांचं, अस्पृश्य मानलेल्या पोरांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचं. का? कारण कोल्हापुरात शाळा होतीच की, दार उघडंच होतं. पण खेड्यातलं पोरगं त्या दारापर्यंत येऊन रात्री झोपणार कुठं, जेवणार काय, अडलं तर विचारणार कुणाला? नुसतं दार उघडून जे आत येऊ शकतात तेच येतात, हे त्यांना त्या काळी कळलेलं.

आज आपण शाळा बांधलीय आणि बोर्डिंग विसरलोय. डेटा स्वस्त, ॲप फुकट, सगळे दाखले "आपले सरकार"वर, पोर्टल 24 तास उघडं. केंद्राच्या भारतनेट योजनेचं उद्दिष्टच मुळात अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं, मोठं काम आहे, व्हायलाच पाहिजे. पण ग्रामपंचायतीतनं आत्याच्या हातापर्यंत जे यायचंय ते फायबरनं येत नाही. त्याला शेजारी बसणारा माणूस लागतो, जो घाई करत नाही. केंद्र सरकारनं 2017 पासून मार्च 2024 पर्यंत प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान चालवलं, सहा कोटींच्या वर माणसं शिकवली. त्याची अट होती घरटी एक माणूस, वय 14 ते 60. घरटी एक म्हटल्यावर तो एक कोण असणार हे सांगायला नको, पोरगा. आणि साठीच्या पुढं? माझी आत्या आज ज्या वयाची आहे त्या वयाची माणसं त्या यादीत बसतच नव्हती, खरी गरज त्यांनाच होती.

आमच्याकडं एक रिटायर गुरुजी येतात, शुगरनं दृष्टी गेलीय, उजेड-अंधार कळतो एवढंच. त्यांना टॉकबॅक चालू करून दिलं, फोन बोलायला लागला, गुरुजींनी आठवड्याभरात असं आत्मसात केलं की मी बघत राहिले, दोन बोटांनी सरकवतात, कान लावून ऐकतात, बातम्या, बँकेचे मेसेज, सगळं. पण जिथं कॅप्चा येतो, ती वाकडी-तिकडी अक्षरं चित्रातली, तिथं फोन गप्प. आणि कितीतरी मराठी पत्रकं स्कॅन करून टाकलेली नाहीतर जुन्या फॉन्टमधली असतात, युनिकोड नाही, त्यामुळं फोन ती वाचतो तेव्हा निव्वळ खडखडाट ऐकू येतो. गुरुजी म्हणतात, "बाळ, हे म्हणजे फळ्यावर लिहायचं आणि वर फळा उलटा करायचा." एप्रिल 2025 मधे सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात सांगितलंय की डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, घटनेचं कलम 21, आणि ई-केवायसी दृष्टिहीनांना आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा-डोळे गेलेल्यांना करता येईल अशीच पाहिजे. मी तो निकाल गुरुजींना मराठीत सांगितला. त्यांनी तारीख दोनदा विचारून घेतली, 30 एप्रिल, पाठ करून ठेवली, म्हणाले पुढच्या वेळी काऊंटरवर सांगायला.

पैसा नाही म्हणून हे होत नाही असं मला वाटत नाही. गावोगाव वाचनालयं आहेत, महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे, आपल्या कोल्हापुरात तर करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे. पुस्तक विकत घेता येत नाही त्यानं इथं येऊन वाचावं, यासाठीच ना ही काढली? तर तिथंच दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, चार्जिंगचे पॉईंट आणि आठवड्यातनं तीन दिवस पगारी माणूस बसवायचा, गावातलीच पदवी झालेली पोरगी, जी ओटीपी म्हणजे काय ते आत्याच्या भाषेत सांगेल. पगारी म्हणते ते मुद्दाम. सेवाभावानं चार महिने चालतं, पाचव्या महिन्यात लग्नसराई येते, परीक्षा येतात. माझ्यासोबत सुरुवातीला सहा कॉलेजची पोरं होती, आता दोघी आहेत, आणि त्यातली एक मे महिन्यात पुण्याला गेली की एकच राहील.

आत्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. फेब्रुवारीत ती दोन दिवस राहायला आली, तिचा स्वतःचा नंबर आधारला लावला, पोरानं त्याचा जुना फोन पाठवला, मी अक्षरं मोठी करून दिली आणि भाषा मराठी. ई-केवायसी तिनं माझ्या स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसून केली, चष्मा नाकावर, मी नुसती शेजारी उभी. ओटीपी आला तेव्हा मी सवयीनं वाकून बघायला गेले तर तिनं फोन पदराखाली घेतला. "कुणाला दावायचा नाय म्हनून तूच सांगतीस नव्हं?" आता गावात तिच्याकडं शेजारपाजारच्या बायका येतात. परवा फोनवर सांगत होती, सात-बाऱ्यावर पीक लावायचं ते ई-पीक पाहणीचं ॲप आहे ना, 2021 पासून चालू आहे ते, ते तिला शिकायचंय, बांधावर उभं राहून उसाचा फोटो काढायचा असतो. एका फोनवरनं बऱ्याच जणांची नोंद होते, म्हणजे आळीतल्या ज्या बायकांकडं फोनच नाही त्यांचंही ती लावून देईल. मी म्हटलं शिकवते, पण आधी मलाच शिकायला पाहिजे, माझ्या नावावर कुठं शेत आहे.

रविवारी सकाळी दहा ते बारा असतो आम्ही. घरात जुना, चालू असलेला स्मार्टफोन पडून असेल तर द्या, स्क्रीनला तडा असला तरी चालेल, पण बॅटरी दोन तास टिकायला पाहिजे. चार्जर बारीक पिनचे जास्त लागतात. आणि कुणाला हिंडता-फिरता दोन तास देता येणार असतील, विशेषतः ज्यांना कन्नड येतं अशांना, तर फार बरं होईल, सीमाभागातल्या तीन बायका येतात, त्यांना मराठी कळतं पण वाचता येत नाही आणि मला कन्नड अजिबात येत नाही.